मदत हवी आहे: थ्रॉम्बिन पकडायला लांब हेपरिनच का लागतं?

नमस्कार. रक्त गोठण्याच्या नियंत्रणावर सेमिनार तयार करतेय आणि एका मुद्द्यापाशी गाडी अडली आहे. जाणकारांनी कृपया मदत करावी.

अँटीथ्रॉम्बिन म्हणजे रक्त गोठणं आवरणारं प्रथिन, त्याच्या अंगावर एक लवचीक फास असतो. त्यातल्या ३९३ क्रमांकाच्या आर्जिनिन या अमिनो आम्लापाशी थ्रॉम्बिन किंवा फॅक्टर टेन-ए (दोन्ही रक्त गोठवणारी एन्झाइम्स) तोडायला जातात आणि तोडता तोडता स्वतःच कायमचे अडकतात. एरवी हे काम सावकाश चालतं, हेपरिन (रक्त गोठू न देणारी शर्करांची साखळी) असलं की वेग हजारपटीच्या घरात जातो. हेपरिनमधला ठरावीक ५ शर्करांचा तुकडा अँटीथ्रॉम्बिनवरच्या लायसिन ११४, लायसिन १२५ आणि आर्जिनिन १२९ यांच्या धनभारित पट्ट्यावर बसतो आणि आत अर्धवट खोचलेला फास मोकळा होतो. मधल्या ग्लुकोसामाइनच्या तिसऱ्या कार्बनवरचा सल्फेट नसेल तर ही पकड जवळपास जातेच. एवढ्या मोठ्या प्रथिनाचं वागणं एका सल्फेटवर ठरावं, हे मला फार विलक्षण वाटलं.

आता अडचण. टेन-एला हा ५ शर्करांचा तुकडा पुरतो, फोंडापॅरिनक्स हे औषध त्यावरच चालतं. थ्रॉम्बिनला मात्र किमान १८ शर्करांची साखळी लागते. फास तर दोघांसाठी तोच मोकळा झालाय, मग थ्रॉम्बिनला त्याचा फायदा का होत नाही? शिवाय हेपरिन वाढवत नेलं की थ्रॉम्बिनचा वेग आधी चढतो आणि पुढे चक्क उतरतो. हे कशामुळे?

प्रतिसाद १:
आधी दुसरा प्रश्न घ्या, पहिला आपोआप सुटेल. थ्रॉम्बिनवर हेपरिनसाठी वेगळी जागा आहे, एक्सोसाइट २. थ्रॉम्बिन आणि अँटीथ्रॉम्बिन एकाच साखळीवर बसले तरच भेट पटकन होते, साखळी म्हणजे दोघांमधला पूल. हेपरिन फार झालं की दोघं वेगवेगळ्या साखळ्यांवर जाऊन बसतात, म्हणून वेग उतरतो. ५ शर्करांवर दोघांना जागाच नाही.
अँटीथ्रॉम्बिनचा आकार बदलल्यावर फासाबरोबर टायरोसिन २५३ आणि ग्लुटामेट २५५ यांच्या आसपासचा भागही उपयोगी पडतो. टेन-ए त्याला धरतो, थ्रॉम्बिनला त्याचा विशेष उपयोग नाही. खरा फरक इथे आहे, सेमिनारमध्ये यावरच वेळ द्या.

धागाकर्ती:
मनापासून आभार, आलेखाचा उतार आता नीट समजला. मग लांब साखळीचा टेन-एला काहीच जास्तीचा लाभ नाही का?

प्रतिसाद २:
आहे, पण कॅल्शियम असेल तर. टेन-एच्या ग्ला भागावर (कॅल्शियम धरणाऱ्या भागावर) ऋणभार दाटलेला असतो आणि तो हेपरिनच्या वाटेत येतो. कॅल्शियम तिथे बसलं की अडथळा दूर होतो आणि टेन-एसाठीही पूल बांधला जातो. त्यामुळे कुठलेही आकडे मांडताना ते कॅल्शियमसह घेतलेत की त्याविना, हे आधी तपासा. मिठाचं प्रमाणही पाहा: थ्रॉम्बिन-हेपरिन पकड बहुतांशी विद्युतभारावर आहे, मीठ वाढलं की ती लगेच ढिली पडते.