साओ पाउलोमध्ये शिकायला जाताना रोजच्या व्यवहारांची तयारी कशी करावी?

प्रश्न
साओ पाउलो विद्यापीठात पीएचडीसाठी माझी निवड झाली असून मार्चच्या सत्राआधी मला तेथे पोहोचायचे आहे. सार्वजनिक विद्यापीठात शिक्षण शुल्क नसते हे समजले आहे आणि व्हिसाचे कामही मार्गी लागले आहे. मात्र तेथील रोजचे व्यवहार कसे चालतात, याचा अंदाज येत नाही. मी शाकाहारी आहे आणि पोर्तुगीज जेमतेम वाचता येते. तेथे शिकलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १
सर्वांत आधी सीपीएफ हा अकरा अंकी करदाता क्रमांक मिळवा. ब्राझीलच्या वकिलातीमार्फत तो निघण्यापूर्वीही काढता येतो आणि माझ्या मते तो हातात असल्याशिवाय विमानात बसूच नये. मोबाइलचे सिम, बँकेचे खाते, घराचा करार, सगळे या क्रमांकावर अडते. इतकेच काय, औषधांच्या दुकानात साधी गोळी घेतली तरी बिल करण्याआधी तो विचारला जातो. बँकेचे खाते उघडले की पिक्स सुरू होते. मध्यवर्ती बँकेने नोव्हेंबर २०२० मध्ये आणलेली ही तत्काळ पैसे पाठवण्याची सोय आता रस्त्यावरच्या विक्रेत्यांकडेही असते. पोहोचल्यापासून ९० दिवसांच्या आत संघीय पोलिसांकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. तिथल्या वेळा लवकर भरतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात वेळ घेऊन ठेवा.

उत्तर २
जेवणाची काळजी करू नका. विद्यापीठाच्या भोजनगृहाला सगळे ‘बांदेजांव’ म्हणतात आणि तेथे विद्यार्थ्यांना अगदी नाममात्र दरात पोटभर जेवण मिळते. खाचांच्या ताटात भात, त्यावर पळीभर घेवड्याची पातळ उसळ, कोशिंबीर आणि एखादे फळ असते. मांस नको असेल तर बहुधा सोयाबीनचा पदार्थ मिळतो. बाहेर मात्र घेवड्यात डुकराचे मांस घातलेले असू शकते, त्यामुळे प्रत्येक वेळी विचारावे. साओ पाउलोतील कित्येक उपाहारगृहांत बुधवारी आणि शनिवारी फेजोआदा, म्हणजे काळ्या घेवड्याचा दाट रस्सा असतो, तो तर मांसाशिवाय क्वचितच होतो. वजनावर पैसे घेणारी उपाहारगृहे शाकाहारी माणसाला सर्वांत सोयीची, कारण तेथे आपण पाहून, निवडून वाढून घेतो. भाषेसाठीही मी वर्गापेक्षा बांदेजांववरच भर देईन. तेथे रांगेत शेजारचा स्वतःहून बोलू लागतो, तुमचे अडखळणे तो समजून घेतो आणि वाक्य पुरे करायला मदतही करतो.

उत्तर ३
भाषेबाबत वरील मताशी मी पूर्ण सहमत नाही. रांगेतल्या गप्पांनी धीर येतो, पण घरमालकाशी करार करताना किंवा दवाखान्यात दुखणे सांगताना तेवढे पुरत नाही. म्हणून विद्यापीठातील परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा पोर्तुगीज वर्ग पहिल्या सत्रातच लावावा. आजारपणात सार्वजनिक आरोग्यसेवा, म्हणजे ‘सुस’, परदेशी विद्यार्थ्यांनाही मोफत आहे. घराजवळच्या आरोग्य केंद्रात नाव नोंदवून तिचे कार्ड आधीच काढून ठेवा. राहण्यासाठी बहुतेक विद्यार्थी ‘रेपुब्लिका’ म्हणजे मिळून भाड्याने घेतलेले घर पसंत करतात. खोली पाहायला जाल तेव्हा न्हाणीघरातला शॉवर सुरू करून पाहा: पाणी तापवणारे विजेचे यंत्र त्याच्या तोंडातच बसवलेले असते आणि जून-जुलैच्या गारठ्यात त्याची खरी गरज लागते, कारण घरांत उष्णतेची दुसरी सोय सहसा नसते. शहरातील घरगुती वीज साधारणपणे १२७ व्होल्टची आहे, तेव्हा येथून न्यायचे प्रत्येक उपकरण त्यावर चालते का, हे त्याच्या मागच्या पट्टीवर वाचूनच सामानात भरा.