अनुभव धागा : इंग्रजी शिकवायला परदेशी, स्पॅनिश शिकायला तिथेच

माझी भाची खानापूरची. इंग्रजीत बीए केलं, मग बीएड. आता मेक्सिकोत इंग्रजी शिकवायला जाते आणि तिथेच स्पॅनिश शिकते म्हणते. ताईच्या डोळ्याला डोळा नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडून कुणी असं गेलं असेल तर लिहा. कागदपत्रांचं लिहाच, पण भाषा कशी आली तेही सांगा.

निपाणी, सध्या बोगोता (कोलंबिया)
मामा, कागदांना आधी लागा. माझ्या पदवीवर राज्याचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा शिक्का), पोलिसांचा दाखला आणि सगळ्याचं स्पॅनिश भाषांतर, यातच महिने गेले. सोबत 120 तासांचं टीईएफएल, म्हणजे परभाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं, सर्टिफिकेट. इथे उतरल्यावर 15 दिवसांत व्हिसाची नोंद करावी लागते. एका संस्थेने पासपोर्ट भारतीय म्हटल्यावर मुलाखत तिथेच थांबवली, 'नेटिव्ह'च, म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेलेच, हवेत म्हणाले. तो दिवस फार वाईट गेला. भाचीला हे आधीच सांगा, म्हणजे ती खचणार नाही.

शहर 2,640 मीटरवर आहे, पहिला आठवडा जिना चढताना दम लागायचा. माझे वर्ग सकाळी सहाला, ऑफिसातल्या लोकांचे, आणि परत संध्याकाळी. रात्री आठला फोन लावला की घरी सकाळचे साडेसहा. आई चहाचं आधण ठेवत असते, तो आवाज ऐकू येतो.

खानापूर, दोन वर्षं मेक्सिकोतल्या पुएब्लात होते
स्पॅनिशला घाबरू नको म्हणावं तिला. 'मे गुस्ता एल मांगो' म्हणजे मला आंबा आवडतो. आंबे झाले की 'मे गुस्तान लोस मांगोस', मला आंबे आवडतात. क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं, आपल्यासारखंच! माझ्याबरोबरच्या अमेरिकन शिक्षिका यावर आठवडे अडल्या होत्या. त आणि द तर आपलेच, दातांना जीभ लावून.

शिकवतानाही याचा उपयोग झाला. तिथली मुलं 'स्कूल'ला 'एस्कूल' म्हणतात. आमच्या गावच्या शाळेत 'इस्कूल' म्हणणाऱ्या पोरांवर बाई ओरडायच्या. मी ओरडले नाही. आधी नुसता लांब 'स्स्स' काढायला लावायची, मग 'कूल' जोडायची. चौथ्या दिवशी मागच्या बाकावरच्या मुलीला जमलं, तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या.

शहापूर, बेळगाव
गोवा आपल्याला जवळ, त्यामुळे पोर्तुगीज शब्द मराठीत आधीच मुरलेत. स्पॅनिश ही पोर्तुगीजची बहीणच. पगार घ्या, स्पॅनिशमध्ये 'पागार' म्हणजे पैसे देणं. बिजागरीला ते 'बिसाग्रा' म्हणतात. वहीत अशी यादी काढली, पहिल्या महिन्यात तिचाच आधार वाटला.

चिकोडी, एक वर्ष स्पेनमध्ये
माझं जरा उलटं झालं. दिवसभर शाळेत इंग्रजी, खोलीवर भारतीय मुलं. सहा महिन्यांनीही दुकानात बोट दाखवूनच भाजी घेत होतो, याचं मनाला लागलं होतं. मग एका नर्सबाईंशी 'इंतरकाम्बियो' ठरवलं : अर्धा तास त्यांना इंग्रजी, अर्धा तास मला स्पॅनिश, आठवड्यातून दोनदा. तिथून तोंड उघडलं. खोली स्थानिक माणसांबरोबरच घ्या, हे मी कळकळीने सांगतो.

आणि तू-तुम्हीचं बघा. स्पेनमध्ये माझ्याशी सगळे 'तू'वर बोलायचे, अगदी मुख्याध्यापकसुद्धा.

निपाणी, बोगोता (परत)
इकडे उलट की ओ! बोगोतात घरमालकीण स्वतःच्या मुलालाही 'उस्तेद' म्हणते, म्हणजे तुम्ही. म्हणून शिक्षक तिथलाच धरा. मी कन्नड शाळेत कमी आणि बसमध्ये जास्त शिकलो, कंडक्टरशी बोलून. स्पॅनिशही तशीच आली, बसमध्येच.

धागा काढणारा
सगळ्यांचे आभार. ताईला सगळं वाचून दाखवलं. अपोस्टिलचे कागद सोमवारी पाठवतोय. भाचीने वहीचं पान तीन रकान्यांत आखलंय : मराठी, कन्नड, स्पॅनिश. पहिली ओळ : मला आंबे आवडतात, ननगे माविन हण्णु इष्ट, मे गुस्तान लोस मांगोस.