मदत हवी आहे : सी भाषेतला फिझबझचा प्रोग्रॅम ८५ अक्षरांवरून ८० वर कसा आणू?

नेहमीचंच कोडं : १ ते १०० आकडे, तीनच्या पटीला फिझ, पाचच्या पटीला बझ, दोन्हींच्या पटीला फिझबझ, प्रत्येक उत्तर नव्या ओळीवर. मर्यादा ८० अक्षरांची, स्पेससुद्धा मोजतात.

इन्क्लूडची ओळ, रिटर्न आणि इंट आधीच काढलेत. आकडे मोजणारा आय हा मेनचाच पॅरामीटर केलाय. प्रोग्रॅम आर्ग्युमेंटशिवाय चालतो, त्यामुळे आय आपोआप १ पासून सुरू होतो. जीसीसी १४ या कंपायलरला इन्क्लूड आणि इंट गाळलेलं खपत नाही, पण तपासणी सी८९ (सी चं जुनं, १९८९ चं रूप) मोडमध्ये होते, तेव्हा ती अडचण नाही. कंपायलरचे फ्लॅग मात्र बदलता येत नाहीत.

तीन वेगळे प्रिंटएफ (छापायचं फंक्शन) होते तेव्हा ९७ अक्षरं झाली होती. आता फॉर लूपमध्ये एकच प्रिंटएफ आहे, आत एकात एक तीन टर्नरी (अट ? हे : ते) आणि चार स्ट्रिंग. झाली ८५. नव्या ओळीचं बॅकस्लॅश-एन चारदा लिहिल्याने ८ अक्षरं जातात, म्हणून ती काढून शेवटी स्वल्पविराम देऊन रिकामा पुट्स (छापून स्वतःच नवी ओळ देणारं फंक्शन) लावला, तर त्याचीच ९! म्हणजे उलट एक वाढलं.

आय एकने वाढवणारं आय प्लस प्लस प्रिंटएफच्या शेवटच्या आर्ग्युमेंटमध्ये ढकलून एक अक्षर वाचलं, पण आउटपुट चुकलं. आर्ग्युमेंटांचा क्रम सी ठरवून देत नाही, आणि माझ्याकडे आय आधीच वाढतो.

फिझबझ हा अख्खा शब्द वेगळा लिहिणं खटकतंय. बझ आणि नवी ओळ ही दोन्ही कामं पुट्सकडेच देता येतील का? आणि मग आय नेमका कुठे वाढवायचा?