खाणगावांतील जुने दुकानदारी बिल्ले : ओळख आणि किंमत यांबाबत सल्ला हवा

फिनिक्सकर :
घरगुती सामानाच्या विक्रीत बटणांच्या डब्यात दोन बिल्ले (दुकानदाराने काढलेले, त्याच्याच दुकानात पैशांऐवजी चालणारे नाण्यासारखे तुकडे) मिळाले. पितळी बिल्ल्यावर एक आडनाव, 'बिस्बी, ए. टी.' आणि मागे 'गुड फॉर 12½ सेंट्स इन ट्रेड' (म्हणजे साडेबारा सेंटच्या मालाला चालेल) असे आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या दुसऱ्यावर केवळ 'द मिंट' आणि 5 सेंट. दोन्ही एकाच गुत्त्याचे असल्याचे विक्रेत्याने सांगितले. खात्री कशी करावी व किंमत कशी ठरवावी?

जुनीनाणी :
'ए. टी.' म्हणजे ॲरिझोना टेरिटरी, आणि ॲरिझोना 14 फेब्रुवारी 1912 रोजी राज्य झाले, त्यामुळे पितळी बिल्ला बहुधा त्याआधीच पाडलेला आहे. पाव डॉलरला दोन पेले, म्हणून एकाचे साडेबारा सेंट. परंतु असे बिल्ले बिलियर्डवाले आणि सिगारविक्रेतेही काढत, तेव्हा बिस्बीच्या तांब्याच्या खाणींजवळील ब्रुअरी गल्चमध्ये गुत्त्यांची रांग होती एवढ्यावरून हा गुत्त्याचाच मानू नये. ते आडनाव 'बिस्बी डेली रिव्ह्यू'च्या जुन्या अंकांत शोधावे. ते लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. सॅनबॉर्न कंपनीच्या विमा-नकाशांत कोणत्या इमारतीत कोणता धंदा होता हेही नोंदलेले असते. गुत्ता सापडलाच, तर बिल्ला जास्तीत जास्त कधीपर्यंतचा असेल ही मर्यादा आपोआप मिळते, कारण 1 जानेवारी 1915 पासून ॲरिझोनात दारूबंदी लागू झाली.

दुसऱ्याबाबत विक्रेत्याचे म्हणणे मी मुळीच धरणार नाही. 'द मिंट' नावाचे गुत्ते अमेरिकेच्या पश्चिमेत गावोगावी होते आणि गाव न छापलेल्या बिल्ल्याला, तो कितीही जुना असला तरी, सहसा मोजके डॉलरच मिळतात. पैसा गावासाठी मोजला जातो. ओसाड पडलेल्या छोट्या खाणगावाचा झिजलेला बिल्लाही मोठ्या शहराच्या चकचकीत बिल्ल्यापेक्षा महाग जाऊ शकतो. लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या किमती पाहाव्यात, मागितलेल्या नव्हेत.

तांबट :
घासूनपुसून चमकवू नका, किंमत उतरते. शिवाय नकली मालही पुष्कळ आहे, विशेषतः प्रसिद्ध खाणगावांच्या नावाने काढलेले वेश्यागृहांचे चावट बिल्ले, जे बहुतेक पर्यटकांसाठी पाडलेले असतात. 'एझेड' हे ॲरिझोनाचे बिनठिपक्यांचे टपाली लघुरूप 1963 नंतरचे. ते दिसले तर बिल्ला नवा समजावा.

फिनिक्सकर :
आभार. अ‍ॅल्युमिनियमच्या बिल्ल्याच्या कडेला बारीक अक्षरांत 'एल. एच. मॉइज, एस. एफ.' दिसते. याचा उपयोग होईल का?

जुनीनाणी :
थोडाफार होईल. हे सॅन फ्रान्सिस्कोच्या कारागिराचे नाव आहे, म्हणून शोध कॅलिफोर्निया, नेवाडा आणि ॲरिझोनापासून सुरू करावा. गाव मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. तोवर किंमत मोजके डॉलरच धरा.