"छेडलं नाही तर मासा काही करत नाही", खरंच का?

खारावारा:
प्रत्येक स्कूबा डाइव्हच्या आधी हे वाक्य ऐकून आता वैताग आलाय. मागच्या ट्रिपला मी कशाला हात लावला नव्हता, कुणाच्या मागे गेलो नव्हतो, नुसता वाळूवरून फिन (पायात घालायचे पोहण्याचे पंख) मारत चाललो होतो आणि टायटन ट्रिगरफिश थेट अंगावर. पाऊण मीटरपर्यंत वाढतो हा, प्रवाळ फोडणारे दात, फिनचा कोपरा तोडून नेला. घाबरून वर जायला लागलो तर आणखीच चवताळला. बोटीवर आल्यावर कळलं की खाली वाळूत अंडी होती आणि याची हद्द तळापासून वर रुंद होत जाते, उलट्या शंकूसारखी, म्हणजे वर जाल तितके त्याच्याच अंगणात. आडवं निघायचं असतं, फिन त्याच्याकडे करून. हे आधी सांगायला काय जात होतं? छेडलं की नाही ते मासा ठरवतो, आपण नाही.

बुडबुडेवाला:
अहो पण अंडी होती म्हणजे छेडलंतच की, नकळत का होईना. बाकीचे बघा ना, लायनफिश, स्टोनफिश, यांचे काटे विषारी आहेत पण कुणाच्या मागे लागत नाहीत, तुम्ही तळाला गुडघे टेकता, हात ठेवता म्हणून टोचतात. बॉयन्सी, म्हणजे पाण्यात अधांतरी राहण्याचा तोल, सुधारा. अशा गोष्टी रंगवून सांगितल्या की नवीन माणूस घाबरून श्वास रोखून वर सुटतो आणि फुप्फुसाला इजा करून घेतो, त्यापुढे ट्रिगरफिशचा चावा काहीच नाही.

कासवचाल:
मग टीव्हीवरच्या त्या ऑस्ट्रेलियन प्राणीवेड्या स्टीव्ह अर्विनचं काय? २००६ मध्ये उथळ पाण्यात शूटिंग करताना स्टिंगरे या चपट्या माशाच्या शेपटीचा काटा छातीत घुसून गेला. आयुष्य प्राण्यांत गेलेला माणूस.

बुडबुडेवाला:
त्यांचंच उदाहरण दरवेळी येतं यातच सगळं आलं, असे मृत्यू इतके दुर्मिळ आहेत.

ओलीवाळू:
दोघंही मूळ मुद्दा सोडून भांडताय. खरा घोळ माशांना खायला घालणाऱ्यांनी केलाय. मोरे ईल (सापासारखा लांब मासा) तोंड उघडंमिटं करते ते श्वासासाठी, लोकांना वाटतं धमकावतेय. पण तिला सॉसेज भरवायची सवय लावा, नजर अधू, भिस्त वासावर, मग बोट काय आणि सॉसेज काय. घशात दुसरा जबडा असतो तिला, २००७ मध्ये उलगडलं तो पुढे येऊन भक्ष्य कसं आत ओढतो ते. फ्लोरिडाने २००२ पासून डायव्हर्सनी शार्कला खायला घालणं बंद केलं ते उगाच नाही. उद्या तिथे जाणाऱ्याने काहीच केलेलं नसतं, केलेलं असतं कालच्या ग्रुपने.

खारावारा:
म्हणजे माझंच म्हणणं झालं ना! माझी चूक नसतानाही चावा मलाच. आणि @बुडबुडेवाला, घाबरवा कुठे म्हणतोय मी? ट्रिगरफिश दिसला तर आडवं निघा, लायनफिश टोचला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांच्या आत, हात बुडवा आणि डॉक्टर गाठा (पाणी आधी चांगल्या हाताने बघा, टोचलेल्या हाताला चटका कळत नाही). हे आधी सांगणं दोन मिनिटांचं काम आहे.

बुडबुडेवाला:
दोन मिनिटांत एवढं ऐकून निम्मे लोक पाण्यात उतरणारच नाहीत.

खारावारा:
नको उतरू देत.