इंगाची क्षमता १,७७५ की ४०,०००? पोटेन्शियलला मराठीत काय म्हणावं?

लेखणी: जगातल्या जलविद्युतीवरचा लेख मराठीत करतेय आणि काँगो नदीवरच्या इंगा धबधब्यांपाशी अडलेय. एका वाक्यात तिथली क्षमता सुमारे ४०,००० मेगावॅट, पुढच्यात तिथल्या दोन वीजप्रकल्पांची मिळून १,७७५. मूळ लेखात पहिलीकडे पोटेन्शियल आहे, म्हणजे नदीतून मिळू शकेल ती वीज; दुसरीकडे कपॅसिटी, म्हणजे बसवलेल्या यंत्रांची. दोन्हीकडे ‘क्षमता’ लिहिलं की वाचणारा म्हणणार, आकडा चुकला.

शब्दवेडा: ‘विभव’ घ्या ना. ‘वैभव’ त्यातूनच आलाय. नदीचं वैभव! याहून नेमका शब्द कुठला?

जुनामास्तर: कृपा करा. विज्ञान शिकवताना ‘विभवांतर’ व्होल्टमध्ये मोजायला शिकवलं. ‘नदीचा विभव’ म्हटलं तर मुलं व्होल्टमीटर शोधतील.

पाणवठा: साधं बोला की. आफ्रिकेत जलविद्युतीला अजून भरपूर वाव आहे, युरोपात फारसा उरलेला नाही. कोणालाही कळतं.

लेखणी: वाक्यात छान बसतं, पण तक्त्यात नाही. तिथे तीन रकाने आहेत: वाहत्या पाण्यातली एकूण, त्यातली तांत्रिकदृष्ट्या शक्य आणि त्यातलीही परवडणारी. ‘परवडणारा वाव’ कसं लिहू?

टर्बाइन: मुळात हे दोन आकडे एका मापाने मोजूच नयेत. मी वीजगृहात नोकरी केलीय. यंत्रावरच्या पाटीवर मेगावॅट कोरलेले असतात, पण उन्हाळ्यात जलाशय खाली गेला की हेड, म्हणजे पाणी पडण्याची उंची, कमी होतं आणि तेच यंत्र पाटीवरचा आकडा देत नाही. ब्राझील-पॅराग्वे सीमेवरचं इताइपू वीजगृह १४,००० मेगावॅटचं, चीनमधलं थ्री गॉर्जेस २२,५०० चं. तरी २०१६ साली इताइपूने १०३ अब्ज युनिट काढले, थ्री गॉर्जेसपेक्षा जास्त. पाराना नदीला पाणी वर्षभर असतं म्हणून. पोटेन्शियल वर्षाच्या युनिटमध्येच द्या आणि यंत्रांची ती ‘प्रस्थापित क्षमता’. घोळ मिटला.

शब्दवेडा: ‘प्रस्थापित’ नको! प्रस्थापित म्हणजे खुर्चीला चिकटलेले. ‘स्थापित’ म्हणा.

टर्बाइन: आमच्या सगळ्या अहवालांत ‘प्रस्थापित’च होतं.

जुनामास्तर: अहवालात होतं म्हणून बरोबर ठरत नाही. ‘प्र’ लावून अर्थात काय भर पडली?

पाणवठा: रूढ झालाय, एवढं पुरे. उपसर्ग सोलत बसलो तर निम्मी मराठी टाकावी लागेल.

लेखणी: बरं, तो रकाना ‘स्थापित’. पण ४०,००० च्या डोक्यावर काय लिहू?

शब्दवेडा: त्याआधी ‘प्रस्थापित’चं ठरू दे.