नावात डुक्कर, नातं देवमाशाशी

इंडोह्यूस या नामशेष प्राण्याच्या नावाचा अर्थ 'भारतातलं डुक्कर', मग ते देवमाशाचं भाऊबंद कसं, असा प्रश्न पडतो. नावावर जाऊ नका. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी 1971 साली काश्मीरकडच्या जीवाश्मांवरून दातांचा घाट बघून ते ठेवलं. प्राणी मांजराएवढा, बारीक खुरांचा, सुमारे 4.8 कोटी वर्षांपूर्वीचा.

खरी गंमत कानात होती. रावांनी जमवलेले दगड पुढे जीवाश्मशास्त्रज्ञ थेविसन यांच्याकडे गेले. तिथं एक कवटी साफ करताना चुकून तुटली आणि आतलं कानाचं हाड उघडं पडलं. त्याची आतली कड जाडजूड, अगदी देवमाशांसारखी! 2007 साली ते प्रसिद्ध झालं. पायांची हाडंही पाणघोड्यासारखी भरीव निघाली, म्हणजे गडी पाण्यात उतरणारा.

आणि देवमासे समखुरी, म्हणजे शेळी-डुकरासारख्या जोड खुरांच्या गटातले, कशावरून? रविवारी आमच्या सांगलीत मटण आणाल तेव्हा मागच्या पायाच्या घोट्यातलं छोटं हाड चोखून झाल्यावर धुऊन ठेवा. वर-खाली दोन्हीकडं कप्पीसारखी खाच दिसेल. शेळी, गाय, डुक्कर सगळ्यांत ती असते, घोड्यात फक्त वरच्या बाजूला. तीच दुहेरी कप्पी 2001 साली पाकिस्तानातल्या प्राचीन, पाय असलेल्या देवमाशांच्या घोट्यातही मिळाली. (आमच्या ताटातलं हाड बघून बायको म्हणाली, "आता हेपण कपाटात ठेवणार का?" ठेवलंय.)

म्हणून माझ्या मते इंडोह्यूसला डुकरांच्या कुळात घालणं चूक. त्याचं राओएलिड हे वेगळं कूळ, देवमाशांच्या शेजारचं.